नियम सांगायचा नाही, पण कळला तर पाहिजे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही खानापूरचे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ‘द विटनेस’ हा कोड्यांचा व्हिडिओ गेम खेळून झपाटलात आणि दोन मित्रांना घेऊन तसाच एक ओपन-वर्ल्ड, म्हणजे खेळाडूला हवं तिथे फिरता येईल असा, कोड्यांचा गेम करायला घेतलात. मलप्रभेकाठचं एक गाव, जागोजागी पॅनेलं, पॅनेलवर रेघ ओढायची, आणि नियम कुठेच लिहिलेला नाही. हॉस्टेलवरच्या मुलांना खेळायला बसवलंत, तर काही तिसऱ्याच पॅनेलला अडकली. काहींनी पंधराच्या पंधरा सोडवली, पण नियम काय होता विचारल्यावर भलतंच सांगितलं. म्हणून तुम्ही विचारताय, आता हिंट लिहाव्यात का, आणि लिहायच्या तर मराठीत, कन्नडमध्ये की इंग्रजीत?

लिहू नका. तिन्हींपैकी कशातच नको. बेळगावात बसून गेली बारा वर्षं मी गेमसाठी कोडी रचते आहे, आणि तुमचं वर्णन वाचून माझी खात्री झाली की तुमची अडचण पॅनेलांच्या निवडीत आहे. अडकलेल्या मुलांपेक्षा मला पंधराही सोडवून भलतंच सांगणाऱ्या मुलांची काळजी जास्त वाटते. अडकलेल्याला निदान माहीत असतं की आपल्याला काहीतरी कळलेलं नाही.

मी मूळची नंदगडची. शाळेत कन्नड सुरू व्हायच्या आधीची गोष्ट सांगते. आज्जीबरोबर बेळगावला बाजाराला यायचे. परतताना बसस्टँडवर आज्जी एका हातात पिशव्या आणि दुसऱ्या हातात माझं मनगट धरून म्हणायची, “बघ गं, कुठली गाडी लागलीय.” गाड्यांच्या पाट्या कन्नडमध्ये. आज्जीला कुठलंच अक्षर येत नव्हतं, मला नुकती मराठी बाराखडी आलेली. पण कंडक्टर ओरडायचे. “खानापूर, खानापूर” असा पुकारा ज्या गाडीपाशी, तिची पाटी मी नीट बघून ठेवायची. “कोल्हापूर” पुकारणाऱ्याची पण. दोन्ही पाट्यांची शेवटची दोन अक्षरं एकसारखी होती. एकाला उजवीकडे वळलेली शेपटी, दुसरं गोल गरगरीत आणि डोक्यावर तुरा. मी ठरवून टाकलं की ही जोडी म्हणजे ‘गाव’. पाटीवर गावाचं नाव असतं, तेव्हा शेवटी गावाची खूण असणारच!

ही समजूत किती दिवस टिकली ते आठवत नाही, पण मोडली कशी ते लख्ख आठवतं. “धारवाड, धारवाड” असा पुकारा चालला होता, आणि त्या पाटीवर ते गोल तुऱ्याचं अक्षर एकटंच होतं, शेपटीवाल्या जोडीदाराशिवाय, आणि तेही मधेच. धारवाड काय गाव नाही? मग खूण शेवटी का नाही? मी नाव तोडून तोडून म्हणून बघितलं. धा, र, वा, ड. डावीकडून दुसरं. आणि कोल्हापूरच्या अगदी शेवटी येतो तोही तोच आवाज. तो ‘र’ होता. त्या दिवशी खानापूरपर्यंत मी खिडकीतून दिसेल त्या पाटीवर ‘र’ शोधत आले.

खानापूर आणि कोल्हापूर या दोन पाट्यांनी मला जी समजूत दिली ती चूक होती, पण दोन्हींवर नीट बसत होती. आणखी वीस ‘पूर’ दाखवले असते तर ती मोडली नसती, उलट घट्ट झाली असती. ती मोडायला धारवाडच लागलं. तुमच्या पंधरा पॅनेलांमध्ये, माझा अंदाज आहे, पंधराही ‘पूर’ आहेत. त्यात धारवाड नाही.

माणसाचं डोकं असंच चालतं याचा एक जुना आणि फार सुंदर प्रयोग आहे. १९६० साली पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने लोकांना २, ४, ६ हे तीन आकडे दिले आणि सांगितलं की हे एका नियमात बसतात. तुम्ही तुमचे तीन-तीन आकडे सांगा, ते नियमात बसतात की नाही एवढंच मी सांगेन, आणि खात्री झाली की नियम ओळखा. लोकांनी ८, १०, १२ विचारलं. बसतात. २०, २२, २४. बसतात. मग आत्मविश्वासाने उत्तर आलं की दोन-दोनने वाढणारे आकडे. खरा नियम होता चढत्या क्रमाचे कुठलेही तीन आकडे. १, ७, ५० सुद्धा चाललं असतं, पण बरेच जण आपली समजूत खरी ठरवणारीच उदाहरणं विचारत राहिले. आपलं म्हणणं खोटं ठरेल असं उदाहरण आपणहून विचारायला माणूस जात नाही. तुमचा खेळाडूही जाणार नाही. ते उदाहरण तुम्हीच त्याच्या वाटेत ठेवायचं असतं. आपल्या कामाचा सगळ्यात मोठा भाग हाच आहे.

आता प्रत्यक्ष करून दाखवते. एका गेमसाठी मी एक नियम घेतला होता. पॅनेलवर एका ओळीत घरं. रेघ डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून निघते आणि उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात संपते, घरांच्या कडांवरूनच जाते. काही घरांत चिंचोके. नियम असा की रेघेमुळे जितके भाग पडतील त्या प्रत्येकात चिंचोके सारखे आले पाहिजेत. कोड लिहायच्या आधी मी हे घरच्या शहाबादी फरशीवर खडूने आखलं, खरेच चिंचोके मांडले आणि गल्लीतल्या मुलांना बोलावलं. कुणी मराठी माध्यमातलं, कुणी कन्नड, दोघं उर्दू शाळेतली. बोलायचं मी काहीच नाही, फक्त बरोबर असेल तर टाळी.

पहिल्याच दिवशी एका मुलीने रेघ डाव्या कडेने सरळ वर नेली आणि वरच्या कडेने शेवटपर्यंत. सगळे चिंचोके एकाच भागात. वाटणी झालीच नाही, तर असमान कसली? माझ्याच नियमाने तिचं बरोबर होतं, मला टाळी द्यावी लागली. आणि त्या एका युक्तीने माझी सगळी पॅनेलं सुटत होती. उपाय सोपा निघाला. डावी आणि उजवी उभी कड मी पुसली. आता रेघेला आतल्याच एखाद्या उभ्या कडेने वर चढावं लागतं. ‘द विटनेस’मध्येही कितीतरी पॅनेलांवर वाट मधेच तोडलेली असते, ते आठवा. तुमच्या गेममध्ये कडेकडेने जाऊन काय काय सुटतं हे आजच तपासून बघा.

मग पॅनेलं अशी लागली. पहिलं दोन घरांचं, दोन्हींत एकेक चिंचोका. वर चढायला जागा एकच, त्यामुळे चुकणं शक्यच नाही. ‘द विटनेस’ची सुरुवात आठवा. अंधारा बोगदा, टोकाच्या दारावर एक पॅनेल, त्यावर नुसती सरळ वाट. पुढच्या पॅनेलवर एक वळण. खेळाडूच्या हाताला रेघ ओढणं कळलं, ट्युटोरियल संपलं.

पण माझ्या पहिल्या पॅनेलमधून मुलांनी अर्थातच समजूत करून घेतली की बरोबर मध्ये कापायचं. ती मोडायला दुसरं पॅनेल. चार घरं, चिंचोके फक्त पहिल्या आणि दुसऱ्या घरात. मध्ये कापलं तर एका बाजूला दोन आणि दुसरीकडे काहीच नाही. उत्तर पहिल्या आणि दुसऱ्या घराच्या मध्ये. तीनपैकी दोन मुलं आधी मध्येच कापायची, टाळी यायची नाही, मान वर करून माझ्याकडे बघायची, मग परत फरशीकडे. ती परत फरशीकडे गेलेली नजर मला फार आवडते. त्या क्षणी समजूत मोडलेली असते आणि नवी अजून झालेली नसते.

नवी झाली ती अशी की प्रत्येक भागात एक. ही पण चूक. तिसऱ्या पॅनेलने ती मोडावी म्हणून मी सहा घरं घेतली, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या घरात एकेक चिंचोका. माझ्या डोक्यातलं उत्तर होतं दोन-दोन, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये कापायचं. अनगोळच्या एका मुलाने रेघ वर नेली, खाली आणली, परत वर नेली. चार भाग, प्रत्येकात एक. बरोबर! टाळी! आणि त्याची चुकीची समजूत माझ्या टाळीने पक्की झाली. तुमच्या पंधरा पॅनेलांत असं कुठेतरी नक्की घडतंय. कोडं सुटतं, पण ज्या समजुतीला मारायला ते ठेवलं होतं ती जिवंतच सुटते.

त्या रात्री बसून मी नवीन तिसरं पॅनेल काढलं. चार घरं. पहिल्यात एक, दुसरं रिकामं, तिसऱ्यात एक, चौथ्यात दोन. आता प्रत्येक भागात एक येणं शक्यच नाही, कारण चौथ्या घरातले दोन चिंचोके वेगळे करता येत नाहीत. मध्ये कापलं तर एक आणि तीन. पहिल्यानंतर कापलं तरी एक आणि तीन. नागमोडी गेलं तर एक, शून्य, एक, दोन. फक्त तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये कापलं की दोन-दोन. एकच उत्तर, आणि आधीच्या दोन्ही चुकीच्या समजुती तिथे फुटतात. दुसऱ्या दिवशी तो अनगोळचा मुलगा या चार घरांपुढे बराच वेळ उकिडवा बसला, आणि मग एकदम म्हणाला, “वाटणी हाय व्हय ही!” त्याच्या मागून बघणारी कन्नड शाळेतली मुलगी स्वतःशीच म्हणाली, “सम पालु.” दोघांनी एकच गोष्ट आपापल्या भाषेत म्हटली, आणि मी त्यांना कुठल्याच भाषेत काही सांगितलं नव्हतं. हिंट कुठल्या भाषेत लिहू याचं माझं उत्तर त्या फरशीवर आहे.

एक वही करा. प्रत्येक नियमासाठी एक पान. त्यावर खेळाडू कुठल्या कुठल्या चुकीच्या समजुती करून घेईल ते लिहा. स्वतःला सुचतील त्या चार-पाच, बाकीच्या मुलं शिकवतात. मग प्रत्येक समजुतीपुढे ती मोडणाऱ्या पॅनेलचा नंबर. ज्या समजुतीपुढे नंबर नाही तिथे भोक आहे. पहिलं आणि शेवटचं सोडलं तर जे पॅनेल कुठल्याच समजुतीपुढे येत नाही ते काढून टाका, कितीही देखणं असलं तरी. तुमच्या पंधरांपैकी आठ-नऊ जातील असं मला वाटतं.

मोडणं हा शब्द मी वापरतेय, पण ते हळुवार झालं पाहिजे. एका पॅनेलने एकच समजूत मोडावी. दोन नवीन गोष्टी एकदम आल्या की मूल अडकतं, आणि आपलं नक्की काय चुकलं हेच त्याला कळत नाही. तिसऱ्याच पॅनेलला अडकलेली तुमची मुलं बहुधा इथे अडकली आहेत. त्या पॅनेलची दोन पॅनेलं करून बघा.

अंदाजाने सोडवण्याचं पण बघावं लागेल. माझ्या ओळीत चार घरं असली तर एकूण रेघा चारच निघतात. कुणीही चारही ओढून बघेल, नियम कळो न कळो. सहा घरांत सोळा होतात, दहा घरांत दोनशे छप्पन्न. म्हणून शिकवणारी पॅनेलं लहान ठेवायची, पण प्रत्येक नियमाचं शेवटचं पॅनेल एवढं मोठं हवं की नुसत्या अंदाजाने हाताला कंटाळा यावा. ‘द विटनेस’मध्ये काही ठिकाणी उत्तर चुकलं की पॅनेल विझतं, आणि आधीचं पुन्हा सोडवल्याशिवाय पेटत नाही. हा दंड अगदी नेमका आहे. वेळ थोडाच जातो, पण अंदाजाची साखळी तुटते, आणि आधीचं कोडं, ज्यात नियमाचा पुरावा आहे, ते पुन्हा डोळ्यांखालून जातं. टायमर लावू नका, लाइफ कापू नका. त्याने मुलं घाबरतात आणि विचार सोडून देतात.

ओपन-वर्ल्डचा उपयोग लोक फिरायला मोकळी जागा एवढाच समजतात. आपल्या प्रकारच्या गेममध्ये त्याचं खरं काम वेगळं आहे, अडकलेल्याला इज्जतीने उठून जाता येणं. ‘द विटनेस’ हा जोनाथन ब्लो आणि त्याच्या टीमचा गेम २०१६ च्या जानेवारीत आला, आणि तो सगळा एका बेटावर घडतो. त्यात वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे नियम आहेत. दलदलीत आकारांचा, झाडांवरच्या घरांत ताऱ्यांचा. आणि गावात मात्र सगळ्यांची सरमिसळ. गावातलं दार आज कळलं नाही तर माणूस दलदलीत जातो, तिथलं शिकतो, आणि चार दिवसांनी परत आल्यावर तेच दार त्याला वाचता येतं. दार बदललेलं नसतं, वाचणारा बदललेला असतो. बेटावर अशा अकरा ठिकाणांहून लेझर पेटतात, पण शेवटचा भाग, म्हणजे डोंगर, उघडायला सातच पुरतात. तुमच्या गावातही एवढी सवलत ठेवा. आठवड्याच्या बाजाराची जागा मधोमध आहेच तुमच्या नकाशात, सरमिसळ तिथे करा. बाकीचे नियम वाड्यावस्त्यांवर पांगवा, एका वस्तीत एकच.

आणि वस्तीतल्या वस्तूंना कामाला लावा. त्या बेटावर सफरचंदाच्या झाडांपुढे पॅनेलं उभी आहेत, त्यांवरच्या वाटा फांद्यांसारख्या फुटत जातात, आणि मागच्या झाडाला एका फांदीवर सफरचंद लटकतंय. पॅनेलकडेच टक लावून बसणाऱ्याला ते दिसत नाही. दोन पावलं बाजूला सरकून झाडाकडे बघितलं की झालं. तुमच्या भागात अशा गोष्टी किती आहेत! हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एक रेघ ओढताना समोरून दुसरी आरशासारखी चालते, असा नियम शिकवायला याहून चांगली जागा मला सुचत नाही. खेळाडू दोन मूर्तींच्या मध्ये उभा राहील आणि नियम त्याच्या दोन्ही बाजूंना असेल. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छताचं दगडी कमळ एकदा खाली उभं राहून बघून या, पाकळ्यांचा नियम कसा फिरत जातो ते. भाताच्या खाचरांचे बांध, कौलांच्या ओळी, सगळं वापरा. फक्त देखावा म्हणून ठेवलेली गोष्ट आणि पुरावा म्हणून ठेवलेली गोष्ट एकाच पॅनेलजवळ नको, खेळाडू बिचारा देखाव्यातच नियम शोधत बसतो.

काही लहान गोष्टी. उर्दू शाळेतल्या त्या दोघांनी पहिल्या दिवशी रेघ उजवीकडून सुरू केली होती, त्यांच्या दृष्टीने ओळ तिथूनच सुरू होते. तेव्हापासून मी सुरुवातीच्या टोकाला ठळक गोल काढते. लाल-हिरव्याच्या फरकावर एकही नियम टांगू नका, रंगाबरोबर आकारही बदला. आवाजाचा नियम करायचा असेल तर त्याला डोळ्यांचा आधार द्या. ‘द विटनेस’च्या जंगलात पक्ष्यांच्या आवाजावरची कोडी आहेत, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तो भाग बंदच राहतो. मला त्या गेममधली ही गोष्ट खरंच खटकते. मेनू आणि सेटिंग मात्र मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत द्या, आणि जमलं तर उर्दूतही. तिथे काही शोधायचं नसतं, तिथे माणसाला पटकन वाचता आलं पाहिजे.

आता तपासणी कशी करायची. कोडी सुटली का हे मोजू नका, आणि नियम काय होता हेही विचारू नका. कळलेला नियम शब्दांत सांगणं पुष्कळांना जमत नाही, तरी तो कळलेला असतो. मी वेगळं विचारते. पॅनेल सुटलं की म्हणते, “आता मला फसव. बरोबर दिसेल पण चूक असेल अशी रेघ काढ.” ज्याला नियम कळलाय तो लगेच काढतो, अगदी जवळ जाऊन एका चिंचोक्याने चुकवतो आणि हसतो. ज्याला कळला नाही तो कशीही वेडीवाकडी रेघ काढतो, किंवा नुसताच बघत राहतो. वेसनच्या प्रयोगातली माणसं जे आपणहून करत नव्हती तेच इथे मुलाकडून करून घ्यायचं. मुलाच्या मागे बसा, शेजारी नको. शेजारी बसलं की ते तुमचा चेहरा वाचायला लागतं, आणि तुमचा चेहरा गेमबरोबर जाणार नाही. कोडी माहीत असलेल्या मित्राला तर खोलीतच ठेवू नका.

एका नियमाला किती पॅनेलं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. वहीत जितक्या समजुती, तितकी मोडणारी, त्यांच्या आधी एक न चुकणारं, आणि शेवटी एक मोठं. चिंचोक्यांच्या नियमाला माझी सात झाली. त्यातलं पाचवं मुलांनी सांगितल्यावर घातलं. चिंचोके नसलेल्या भागाचं काय, हे दुसरं पॅनेल पहिल्याच फटक्यात बरोबर कापणाऱ्याला कुठेच दिसत नव्हतं, आणि वडगावच्या एका मुलाने दोन दिवस असं धरलं होतं की रिकामा भाग हिशोबातच येत नाही.